लढाईनंतरची नोंदवही



चालकांनी मला दिलेला विषय लांबलचक आहे. आफ्रिकेतील एका नव्याने स्वतंत्र झालेल्या देशात यादवी युद्ध झाले. त्या युद्धातील अत्याचारांच्या नोंदी बाहेरच्या जगाने कशा ठेवल्या, यावर मी बोलावे अशी त्यांची इच्छा. मी त्यांना म्हटले, मी सातवीपुढे शिकलेलो नाही. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, युनियनच्या कचेरीतल्या बाकावर बसून, शब्दकोश मांडीवर घेऊन. आफ्रिकेचा किनारा मी पाहिलेला नाही. त्यावर त्यांच्यातला एक तरुण म्हणाला, "भाऊ, तुम्ही नोंदींवर बोला. जन्मभर कारखानदारांशी तुम्ही त्याच्यावरूनच भांडत आला आहात." ही गोष्ट मात्र खरी आहे. म्हणून मी येथे उभा आहे.

तो देश दक्षिण सुदान. त्याच्याकडे मी येणारच आहे. परंतु दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दाखवायला निघालेल्या माणसाने आधी आपल्या डोळ्यात मुसळ नाही ना, हे पाहावे. नुकताच स्वतंत्र झालेला देश, लष्करी कारवाई, तिच्या मागोमाग निःशस्त्र माणसांची कत्तल आणि त्या कत्तलीची कागदावर झालेली नोंद, हे सारे आपल्या मराठी मुलखातही घडलेले आहे. साल १९४८, मुलूख मराठवाडा. रत्नागिरीच्या माणसाला मराठवाडा लांबचा वाटतो. पण आपल्या एम.आय.डी.सी.त ठेकेदाराच्या हाताखाली राबणारी कितीतरी मुले लातूर-नांदेडकडची आहेत. त्यांच्या आज्या अजून "रझाकाराच्या टायमाला" आणि "पोलीस ॲक्शन झालं तवा" असे म्हणून काळ मोजतात. आपण दोन इसवी सनांच्या मध्ये जसे बोलतो, तसे त्या ह्या दोन शब्दांच्या मध्ये बोलतात.

आता नोंद म्हणजे काय, हे आधी माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. एका कारखान्यात, नाव घेत नाही, रात्रपाळीला प्रेसखाली एका पोराची दोन बोटे गेली. सकाळी मस्टर पाहिले तर पोरगा त्या रात्री रजेवर! अपघाताच्या वहीत पान कोरे. बरे, रक्त धुऊन काढायला बादलीभर पाणी पुरते. परंतु त्याच रात्री त्याच्या सोबत्यांनी चहाच्या टपरीवर बसून एका कागदावर लिहून ठेवले होते: वाजले किती, मशीन कोणते, पट्टी कोणी बांधली, रिक्षा कोणाची, सुपरवायझर त्या वेळी कोठे होता. खाली पाच जणांच्या सह्या, एकाचा अंगठा. पुढे नुकसानभरपाई मिळाली ती त्या कागदावर. तेव्हापासून मी पोरांना सांगत आलो, की नोंद ताजी हवी; नावानिशी हवी; ज्याच्यावर आळ आहे त्याच्या एकट्याच्या हातची नसावी; आणि ती कपाटात पडून राहू नये. ह्यातले एक जरी चुकले तरी कागद असून नसल्यासारखा.

कारखान्यांचा कायदा २३ सप्टेंबर १९४८ या तारखेचा. अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा अधिक काळ कामावर येऊ शकला नाही, तर मालकाने सरकारला कळवलेच पाहिजे, असे त्याच्या ८८ व्या कलमात घातले होते. स्वतंत्र भारताने एका बोटाचीही नोंद मागितली, याचा मला अभिमान वाटत आला आहे. पण ती तारीख ध्यानात ठेवा. कारण त्याच दिवसांत मराठवाड्यात माणसे मारली जात होती आणि त्यांची वही कोणाजवळ नव्हती.

हकीकत थोडक्यात अशी. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, तरी हैदराबादचा निजाम मीर उस्मान अली खान भारतात सामील होईना. त्याच्या राज्यात सोळा जिल्हे. त्यांतले औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा चालला होता, तेलंगणात शेतकरी उठले होते. त्यांच्याविरुद्ध लातूरच्या कासिम रझवी नावाच्या वकिलाने रझाकारांची फौज उभी केली. ह्या रझाकारांनी काय केले ते मराठवाड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गावोगाव खंडणी, न दिली तर लूट, जाळपोळ, बायकांची अब्रू, खून. अर्जापूरला गोविंदराव पानसरे १९४६ मध्येच मारले गेले. २२ मे १९४८ ला गंगापूर स्थानकावर रेल्वेगाडीवर हल्ला झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टात हैदराबादेत 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांची हत्या झाली. ते मुसलमान होते आणि रझाकारांविरुद्ध लिहीत होते, एवढाच त्यांचा गुन्हा. जुलूम करणारे एका धर्माचे आणि सोसणारे दुसऱ्या धर्माचे, असा सोपा हिशेब मांडणाऱ्यांनी शोएबुल्लांचे नाव कोणत्या रकान्यात घालायचे ते सांगावे.

१३ सप्टेंबरला भारतीय सैन्य चारी बाजूंनी आत शिरले. मुख्य फौज सोलापूरकडून, मेजर जनरल जे. एन. चौधरींच्या हाताखाली. पाच दिवसांत, १७ सप्टेंबरला, निजाम शरण आला. मराठवाडा हा दिवस मुक्तिदिन म्हणून साजरा करतो, आणि ते योग्यच आहे. तो लढा खरा होता, त्यात गेलेली माणसे खरी होती. ह्या दिवसाला कमीपणा आणण्यासाठी मी बोलत नाही. मला बोलायचे आहे ते १८ सप्टेंबरपासून पुढच्या दिवसांबद्दल.

त्या दिवसांच्या बातम्या दिल्लीला पोचू लागल्या, तेव्हा पंतप्रधान नेहरूंनी तीन माणसे हैदराबादेस धाडली. प्रमुख पंडित सुंदरलाल. 'भारत में अंग्रेज़ी राज' हा त्यांचा ग्रंथ इंग्रजांनी जप्त केला होता. असला माणूस स्वतंत्र भारताचे वाईट चिंतील, असे कोणी म्हणू शकणार नाही. दुसरे काझी अब्दुल गफ्फार, उर्दूतले नामांकित लेखक आणि 'पयाम'चे संपादक. तिसरे मौलाना अब्दुल्ला मिसरी. त्यांना चौकशी समिती म्हटलेले नव्हते. सद्‌भावना मंडळ म्हटले होते. म्हणजे लोकांची मने सांधायला जा, असे सांगितले होते. पण हे तिघे मन सांधायला गेले आणि विहिरी मोजून परत आले.

२९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ असे ते फिरले. सोळापैकी नऊ जिल्हे. सात जिल्ह्यांची ठाणी, एकवीस शहरे, तेवीस मोठी गावे. आणि ज्या गावांना जाणे जमले नाही अशा १०९ गावांतल्या पाचशेवर लोकांच्या जबान्या. तेवीस दिवसांचे हे काम आहे. त्या काळच्या रस्त्यांचा विचार करा. आमच्या कामगार खात्याच्या साहेबांना रत्नागिरीहून मिरजोळ्याला यायला कधी कधी तेवीस दिवस लागतात!

त्यांनी काय लिहिले ते ऐका. पोलीस कारवाईच्या काळात आणि तिच्या नंतर, अगदी हात राखून अंदाज केला तरी, साऱ्या राज्यात २७ हजार ते ४० हजार माणसांचे प्राण गेले. सर्वांत वाईट स्थिती चार जिल्ह्यांत: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड. ह्या चारांतच किमान १८ हजार. त्यांतले दोन जिल्हे आपले मराठी; उस्मानाबादला आता धाराशिव म्हणतात. मेलेले बहुतेक सारे मुसलमान, आणि बहुतेक सारे असे, की ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. हत्यारबंद रझाकार बरेचसे पळून गेले किंवा शरण आले. मागे राहिले ते शेतकरी, शिंपी, पिंजारी, छोटे दुकानदार. नेहमी असेच होते. संप फसला की पुढारी सुटतात आणि बदली कामगार घरी बसतो.

लातूरची गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचली. लातूर कासिम रझवीचे गाव, व्यापाराची मोठी पेठ, कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांची वस्ती. तेथे कत्तल वीस दिवसांहून जास्त चालली. मुसलमान वस्ती सुमारे दहा हजार. मंडळ पोचले तेव्हा जेमतेम तीन हजार उरली होती. आता ह्या ठिकाणी एखादा भडक माणूस म्हणाला असता, की दहातून तीन गेले, राहिले सात. सात हजार मारले. दुसऱ्या बाजूचा म्हणाला असता, की सात हजार पळाले, मेले कोणीच नाही. सुंदरलाल मंडळाने तसे केले नाही. हजाराच्या वर मारले गेले आणि बाकीचे पळून गेले, असे त्यांनी लिहिले. हिशेबाचा प्रामाणिकपणा म्हणतात तो हा. ज्या माणसाने पगारवाटपाच्या दिवशी खिडकीशी उभे राहून आकडे तपासले आहेत, त्याला ह्याचे मोल कळेल.

आणि दुसरी गोष्ट विहिरीची. ठिकठिकाणी त्यांना विहिरी दाखवण्यात आल्या, त्यांत प्रेते कुजत होती. अशा एका विहिरीत त्यांनी स्वतः मोजली, ती अकरा भरली. त्यांत एक बाई होती आणि तिच्या छातीला लहान मूल चिकटलेले होते. २७ हजार ते ४० हजार हा अंदाज आहे, त्यात तेरा हजारांचा फरक आहे. रत्नागिरीच्या स्टेडियमवर मावणार नाहीत एवढी माणसे त्या फरकात आहेत. पण अकरा हा अंदाज नाही. तेथे कोणीतरी नाकाला फडके लावून काठावर उभे राहिले आणि एक, दोन, तीन असे म्हणाले. सगळ्या मुलखात असे मोजले असते, तर तो फरक राहिला नसता.

मारले कोणी? अहवालात ह्याचेही उत्तर आहे आणि ते गुळमुळीत नाही. शेजारपाजारच्या गावगुंडांनी, सोलापूरकडून सीमा ओलांडून आलेल्या सशस्त्र टोळ्यांनी, आणि काही ठिकाणी सैन्यातील व पोलिसांतील माणसांनीही. हत्यारे काढून घेण्याचा हुकूम दोन्ही समाजांना होता. प्रत्यक्षात ती एकाकडून पूर्ण निघाली आणि दुसऱ्याकडे राहिली. काही भागांत सैनिकांनी मुसलमान पुरुषांना गावाबाहेर काढून ठार मारले, असे त्यांनी नोंदवले. त्याच अहवालात जनरल चौधरी हे जातीय विषापासून अगदी मुक्त असलेले सद्‌गृहस्थ होते असेही लिहिले आहे, आणि पुष्कळ ठिकाणी सैन्याने शिस्त पाळली हेही लिहिले आहे. रझाकारांचे अत्याचार तर आरंभीच लिहिले आहेत. ज्या नोंदीत आपल्याला अडचणीचे असेही काही आढळते, तिच्यावर माझा विश्वास बसतो. कारखान्यातल्या साक्षीदाराने "सेठने पोरीच्या लग्नाला पाच हजार दिले होते, तेही लिहा" असे म्हटले, की पुढचे त्याचे सगळे मी खरे धरतो.

आता मला सर्वांत जवळची वाटणारी ओळ. मंडळ लिहिते, की हिंदूंनी आपला जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवल्याची उदाहरणे पुष्कळ भेटली, आणि ही बंधुभावना एका धंद्यातल्या माणसांत जास्त दिसली. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे हिंदू हल्लेखोरांपासून रक्षण केले, आणि त्यापायी त्यांनी फार मोठी किंमत दिली. काहींनी प्राण दिले.

मी हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. आम्ही मे दिनाला लाल झेंड्याखाली भाषणे ठोकतो, कामगाराला धर्म नसतो म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये टेबले वेगळी असतात. येथे मागावर बसणाऱ्या, बहुधा युनियन हा शब्दही न ऐकलेल्या माणसांनी ते करून दाखवले होते. सूत एकाच व्यापाऱ्याचे, मजुरी एकाच दराची, मंदी आली की उपास दोघांना एकदम. ह्यातून ते नाते आले असणार. पण पाहा, की ते कोण होते? कोणत्या गावचे? किती मेले? ह्या माणसांची नावे त्या ओळीत नाहीत. घाईच्या दौऱ्यात त्यांना दोष देता येणार नाही. तरी देशाने त्या विणकरांचे स्मारक उभारायला हवे होते, आणि आपल्याजवळ त्यांचा पत्ता नाही.

असा हा कागद. त्याचे पुढे काय झाले? तो सरकारला सादर झाला. सरदार पटेलांना तो मान्य नव्हता. मंडळाने आपल्या कामाची मर्यादा ओलांडली आणि रझाकारांनी जे केले त्याला पुरेसे वजन दिले नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांचे म्हणणे खोडून काढायचे असते, किंवा पटवून द्यायचे असते, तर अहवाल छापून लोकांपुढे ठेवणे हाच मार्ग होता. तो छापला गेला नाही. काश्मीरचा प्रश्न पेटलेला, निर्वासितांचे लोंढे येत होते, वैर वाढेल ही भीती. मी ती भीती खोटी म्हणत नाही. पण वर्षे गेली, दशके गेली, तरी कागद कपाटातच. वर्षानुवर्षे त्याचे तुकडे तेवढे हातोहात फिरले. २०१३ च्या सुमारास तो दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात अभ्यासकांना पाहता आला, आणि ए. जी. नूरानींनी हैदराबादवरच्या आपल्या इंग्रजी पुस्तकात तो जोडला. पासष्ट वर्षे! विहिरीच्या काठावर उभी राहिलेली बहुतेक माणसे तोवर गेली होती.

ह्या पासष्ट वर्षांत वैर कमी झाले का? माझ्या हिंडण्याफिरण्यात मला दिसले ते असे, की प्रत्येक बाजूने आपापली वही घरी लिहून ठेवली. एका वहीत फक्त रझाकारी, दुसऱ्या वहीत फक्त पोलीस ॲक्शन. दोन्ही वह्यांत आकडे दर पिढीला वाढतात, कारण ताडून पाहायला सरकारी वही नाही. आपल्या कोकणी माणसाला हे नवे नाही. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट मुंबईहून रेवसला निघाली आणि बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली, पण नक्की किती, ते प्रत्येक जण निराळे सांगतो. तेथे तर वैरही नव्हते. जेथे वैर आहे तेथे काय होत असेल, याची कल्पना करा.

आणि आता बाहेरच्या जगाकडे येतो. ह्या सगळ्या प्रकरणाची आंतरराष्ट्रीय वही उघडली गेली होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. २१ ऑगस्ट १९४८ ला निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे भारताविरुद्ध तक्रार केली. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये समितीची बैठक झाली आणि विषय कार्यक्रमपत्रिकेवर आला. २२ सप्टेंबरला, शरण आलेल्या निजामाने, तक्रार मागे घेतल्याची तार केली. ती वही राजाची होती. राजाने उघडली, राजाने मिटली. विणकराचे, पिंजाऱ्याचे त्यात पान नव्हते. त्याच पॅरिसमध्ये तीन महिन्यांनी, ९ डिसेंबरला वंशसंहारविरोधी करार आणि १० डिसेंबरला मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. त्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल असे शब्द होते, त्या जागी 'सर्व माणसे' घालायला लावणाऱ्या बाई आपल्या हंसाबेन मेहता. १० डिसेंबरला सुंदरलाल मंडळ हैदराबाद राज्यात फिरत होते. दोन्ही कामे एकाच स्वतंत्र भारताची माणसे करीत होती. एकीकडे जगासाठी शब्द दुरुस्त होत होता, दुसरीकडे घरची प्रेते मोजली जात होती. पहिल्या कामाचे आपण टपाल तिकीट काढू, दुसऱ्याला कुलूप घातले.

दक्षिण सुदान ९ जुलै २०११ ला स्वतंत्र झाला. दोन वर्षे, पाच महिने झाले आणि १५ डिसेंबर २०१३ च्या रात्री राजधानी जुबामध्ये राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि पदावरून दूर केलेले उपाध्यक्ष रिएक माचार यांच्या सैनिकांत गोळीबार सुरू झाला. एक डिंका जमातीचे, दुसरे नुएर जमातीचे. पाहता पाहता भांडण जमातींचे झाले. जुबातल्या गुडेले भागात पोलिसांच्या एका इमारतीत नुएर पुरुषांना कोंडून खिडक्यांतून गोळ्या घातल्या. शेकडो मेले. चार महिन्यांनी बेंतिऊ गावात माचारच्या बाजूच्या लोकांनी मशिदीत आसऱ्याला बसलेल्या दोनशेहून अधिक नागरिकांना मारले. म्हणजे येथेही दोन्ही वह्या भरल्या.

संयुक्त राष्ट्रांची फौज तेथे आधीपासून होती आणि तिच्यात भारतीय पलटणी होत्या. लोक जीव घेऊन छावण्यांच्या फाटकांशी आले, तेव्हा फाटके उघडली गेली. हजारोंच्या संख्येने माणसे वर्षानुवर्षे त्या कुंपणांच्या आत राहिली. १९ डिसेंबर २०१३ ला अकोबोच्या तळावर जमाव चालून आला, आसऱ्याला आलेले मारले गेले आणि त्यांना वाचवताना दोन भारतीय जवान पडले. पुढे २०१९ मध्ये त्या साऱ्या फौजेची सूत्रे लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर यांच्याकडे आली. मला ह्यात विशेष वाटते ते असे, की फाटकाच्या आत जो आला त्याचे नाव लिहिले गेले. त्याने काय पाहिले ते विचारणारी माणसे त्याच छावणीत होती. मे २०१४ मध्येच संयुक्त राष्ट्रांचा अहवाल छापून निघाला. तारखा, ठिकाणे, दोन्ही बाजूंची कृत्ये. पाच महिन्यांत! आपल्याला पासष्ट वर्षे लागली, हे मी पुन्हा सांगत नाही.

कपाट मात्र तेथेही निघाले. आफ्रिकी संघाने नायजेरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष ओबासांजो यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल ऑक्टोबर २०१४ मध्ये तयार झाला. तह होण्याच्या आड येईल म्हणून तो दाबून ठेवला, आणि बरीच ओरड झाल्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. भीती तीच, जी १९४९ मध्ये दिल्लीला होती. फरक एवढाच, की ओरड करणारे होते आणि एका वर्षात कुलूप निघाले. ह्या आयोगात महमूद ममदानी नावाचे विद्वान होते. जन्म आपल्या मुंबईचा, वाढले युगांडात. त्यांनी वेगळे मत लिहिले, की नुसते खटले भरून हा प्रश्न सुटणार नाही, हा राजकीय प्रश्न आहे, मारणारे आणि मरणारे पुन्हा एकाच देशात नांदणार आहेत. उलट बाजूला यास्मिन सूका. दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीय वंशाच्या वकील, तिथल्या सत्य आणि समेट आयोगावर काम केलेल्या. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने दक्षिण सुदानसाठी आयोग नेमला, त्याच्या त्या अध्यक्ष झाल्या. पुरावा गोळा करा आणि जपून ठेवा, असे काम त्यांच्या आयोगाला सांगितलेले. २०१८ मध्ये त्या आयोगाने चाळीसहून अधिक वरिष्ठ अधिकाऱ्यांवर बोट ठेवले. त्यांची नावे न्यायालयासाठी राखून ठेवली.

कोणी म्हणेल, मग हेही कपाटच झाले. नाही. साक्षीदाराचे नाव झाकणे वेगळे आणि घडलेली गोष्ट झाकणे वेगळे. आम्ही लेबर कोर्टात जातो तेव्हा कोणत्या पोराने माहिती दिली ते मालकाला सांगत नाही. पण माहिती सांगतो.

तरी ह्या बाहेरच्या वह्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. ऑगस्ट २०१५ च्या तहात खटल्यांसाठी संमिश्र न्यायालय स्थापण्याचे कलम होते. २०१८ च्या तहात तेच पुन्हा लिहावे लागले. यावरून काय ते समजा. आणि मेलेल्यांचा आकडा? २०१८ मध्ये लंडनच्या आरोग्यविद्येच्या संस्थेने गणित करून सांगितला: सुमारे ३,८३,०००, त्यांतले निम्मे हिंसेने आणि बाकीचे उपासमार, रोगराई, पळापळ यांनी. शास्त्रीय पद्धतीने काढलेला आकडा आहे, मी तो मानतो. पण तो मरणदर आणि लोकसंख्येवरून काढलेला आहे. तेथे काही नागरिकांनी मग स्वतःच मेलेल्यांची नावे जमवायला घेतली; नाव, वय, गाव. संयुक्त राष्ट्रांजवळ विमाने होती, ह्या लोकांजवळ वह्या होत्या.

आमच्या चळवळीत जिनिव्हाचा अनुभव आहे, म्हणून मी ह्या बाहेरच्या कागदांना हसत नाही. आपल्या रायगडचे ना. म. जोशी १९१९ मध्ये वॉशिंग्टनच्या पहिल्या कामगार परिषदेला गेले, तेव्हापासून लोक विचारीत आले आहेत, की त्या परिषदेकडे पोलीस आहे का? नाही. पण तिच्याकडे तक्रार नोंदली गेली की सरकारला लेखी उत्तर द्यावे लागते, आणि लेखी उत्तर देताना माणूस थोडा तरी सांभाळून खोटे बोलतो. बाहेरच्या वहीचा उपयोग एवढा आहे, आणि तो कमी नाही. नाव मात्र गावातूनच यावे लागते.

म्हणून आता मी आमच्या युनियनमध्ये काय सुरू केले आहे ते सांगतो. लातूर, नांदेड, धाराशिवकडची जी पोरे आमच्यात आहेत, ती मे महिन्यात लग्नसराईला गावी जातात. त्यांना मी एकेक कोरा ताव दिला. घरात कोणी नव्वदीतले असेल तर विचारा, म्हटले. रझाकारांनी गावातले कोण मारले? पोलीस ॲक्शननंतर कोण मारले गेले? कोणी कोणाला लपवले? गावातली कोणती विहीर बुजवली? दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच तावावर, वर-खाली नव्हे, शेजारी शेजारी. सांगणाऱ्याचे नाव त्याची इच्छा असेल तरच लिहा.

पोरांपैकी काही हिंदू आहेत, काही मुसलमान. पहिल्या वर्षी पुष्कळांनी ताव कोरे आणले. एकाच्या आजोबांनी त्याला घराबाहेर काढले. गेल्या वर्षी नऊ ताव भरून आले. त्यांतल्या एकावर डाव्या बाजूला दोन नावे आहेत, उजव्या बाजूला पाच, आणि लपवणाऱ्यांच्या ओळीत "कोष्ट्याची म्हातारी, पेवात तिघांना ठेवले, अकरा दिवस" असे लिहिले आहे. पोराला मी पुन्हा पाठवले आहे. म्हातारीचे नाव घेऊन ये, म्हटले. गावात तिच्या नातवाचे घर अजून आहे.